आकडा सांगू नको, चाल दाखव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तेरा वर्षांच्या मुलीने रत्नागिरीच्या बुद्धिबळ स्पर्धेत उंट देऊन डाव जिंकला. चिपळूणला घरी आल्यावर तुम्ही तो मोबाइलवर इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, दाखवला. इंजिनाने त्या चालीवर लाल खूण केली आणि वजा २.१ असा आकडा दिला, म्हणजे तिची बाजू मागे पडली. तेव्हापासून ती हिरमुसली आहे आणि तुम्हाला कळत नाही की तिला शाबासकी द्यायची की कान उपटायचे. शिवाय असं बलिदान, म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम मोहरा देणं, खरं की खोटं, हे कंप्युटरवर नीट तपासायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय.

मी देवगडला मुलांचे वर्ग घेतो आणि गेली बरीच वर्षं पत्राद्वारे बुद्धिबळ खेळतो. आता ते पत्र राहिलेलं नाही, सर्व्हरवर चाल टाकायची असते. त्या प्रकारात इंजिन वापरायला अधिकृत परवानगी आहे, म्हणून इंजिनाशी वाद घालण्यात माझ्या बऱ्याच रात्री गेल्या आहेत. उत्तर लांबणार आहे.

आधी डाव. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग.) तिचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादं ई५ वर, दुसरा उंट सी१ वर, आणि समोर काळ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलेलं, म्हणजे राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर. अशा वेळी उंटाने एच७ चं प्यादं मारून शह द्यायचा, राजाने उंट मारला की घोडा जी५ वर शह देत आणायचा आणि मग वजीर एच५ वर. ही कल्पना इटलीच्या ग्रेको या खेळाडूने सतराव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. म्हणजे तिने काही विचित्र केलेलं नाही, चारशे वर्षांचा मळलेला रस्ता आहे. ई५ चं प्यादं काळ्याच्या घोड्याला एफ६ वर नीट बसू देत नाही, सी१ चा उंट जी५ ला आधार देतो, आणि तिच्या डावात काळ्याचा जो उंट ई७ वर येऊन जी५ कडे बघू शकला असता तो पटाच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला होता. पुस्तकातल्या सगळ्या अटी जमल्या होत्या.

मग इंजिन का रुसलं? तुम्ही पाठवलेला डाव मी लावला. राजा जी८ वर परत गेला, वजीर एच५ वर आला, आता एच७ वर मात आहे. प्रतिस्पर्ध्याने राजाला पळायला वाट म्हणून हत्ती एफ८ वरून डी८ वर नेला. तिथेच डाव संपला: वजिराने एफ७ मारून शह, राजा एच८, वजीर एच५ शह, राजा जी८, वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ शह, राजा ई७, वजिराने जी७ मारून शह, राजा ई८, आणि वजीर एफ७ वर मात. तिने हे बिनचूक खेळलं. सहा चालींची ओळ घड्याळ चालू असताना न चुकता खेळणं, याची दाद आधी द्या.

पण हत्ती हलवण्याऐवजी काळ्याकडे एक चाल होती. त्याचा वजीर सी७ वर होता, सी पट्टी उघडी होती, आणि बी८ चा घोडा अजून घरातच असल्यामुळे मध्ये कोणी नव्हतं. वजीर सी७ वरून सरळ सी२ वर. आता तो सी२ वरून डी३, ई४, एफ५, जी६ अशा तिरक्या रेषेत एच७ राखतो. गंमत म्हणजे ही रेषा तिच्याच उंटाने डी३ सोडून मोकळी करून दिली होती. हत्ती एफ८ वरच असल्यामुळे एफ७ ही राखलेलं आहे. पुढे काळा वजीर जी६ वर येऊन वजिरावजिरी, म्हणजे वजिरांची अदलाबदल, लादतो. आणखी एखादं प्यादं जाईल, पण हल्ला संपला आणि उंट गेला तो गेला. वजा २.१ म्हणजे हे सगळं.

आता माझं म्हणणं. बलिदान तपासताना इंजिनाला आकडा विचारू नका, चाल विचारा. 'हे बलिदान चूक आहे' या वाक्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा त्यापुढे 'कारण समोरचा अमुक चाल खेळेल' हे जोडता येतं. तुमच्या बाबतीत ते उत्तर चार शब्दांचं आहे: वजीर सी७ वरून सी२. हे कळलं की मुलीला काहीतरी शिकायला मिळतं. वजा २.१ कळून काय मिळतं? फक्त हिरमुसणं.

त्या आकड्याचा अर्थही समजून घ्या. पूर्वी आम्ही सांगायचो की एक म्हणजे एका प्याद्याइतकी बढत. स्टॉकफिश या इंजिनाच्या १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, आकड्याची मोजपट्टीच बदलली. अधिक १ म्हणजे त्या स्थितीतून इंजिन स्वतःशीच खेळलं तर बढत असलेली बाजू साधारण निम्म्या डावांत जिंकेल, अशी ती बसवली गेली. म्हणजे हा आकडा दोन अशा खेळाडूंबद्दल बोलतो जे दमत नाहीत, घाबरत नाहीत आणि ज्यांना सी२ लगेच दिसतं. चिपळूणच्या मुलीबद्दल आणि तिच्यासमोरच्या मुलाबद्दल तो काही बोलतच नाही. बोलावं अशी अपेक्षाही नको.

तपासायची पद्धत सांगतो. मी जशी करतो तशी.

मोबाइलवर डाव टाकल्याबरोबर जे रंगीत निकाल येतात ते इंजिनाने प्रत्येक चालीला अगदी थोडा वेळ देऊन काढलेले असतात. बाकीच्या चालींसाठी ते पुरतं, बलिदानासाठी नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. इंजिन सगळ्या चाली सारख्या खोलीने, म्हणजे सारख्याच पुढपर्यंत, बघत नाही, तेवढा वेळच नसतो. ते चालींची रांग लावतं. जी मारामारी वरवर तोट्याची दिसते ती रांगेत शेवटी जाते, आणि रांगेतल्या मागच्या चाली कमी खोलीपर्यंत बघितल्या जातात. दुसरी युक्ती आणखी मजेशीर. इंजिन बचाव करणाऱ्याला विचारतं, 'समज तू ही चाल सोडून दिलीस, काहीच खेळला नाहीस, तरी तुझं बरं चाललंय का?' बचाव करणारा एका मोहऱ्याने पुढे असतो, त्यामुळे थोड्या खोलीवर उत्तर येतं, 'हो, बरंच चाललंय.' मग ती अख्खी फांदी छाटली जाते. हल्ला जर धीम्या गतीचा असेल, म्हणजे आधी मोहरा द्यायचा, मग शांतपणे हत्ती तिसऱ्या रांगेत आणायचा आणि मग कुठे घाव, तर तो या छाटणीत सापडतो. खोली वाढत गेली की इंजिन सावरतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

म्हणून बलिदानाची चाल स्वतः पटावर खेळा आणि तिथून इंजिन सुरू करा. आता त्याला ती टाळता येत नाही. मग त्याने सांगितलेल्या ओळीत चार-सहा चाली पुढे चालत जा, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा, आणि एकेक चाल मागे या. पुढे जे कळलं ते त्याच्या स्मृतीत शिल्लक राहतं, त्यामुळे मागे येताना आकडा बदललेला दिसतो. वजा दीडचं शून्य झालेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. उलटही होतं. पत्राच्या डावात मी एकेका स्थितीत असा पुढे-मागे दोन-दोन दिवस फिरतो. (पूर्वी रात्रभर इंजिन लावून झोपायचो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणार हे ठरलेलं, इन्व्हर्टर पहाटे मान टाकायचा आणि सकाळी हातात काहीच नसायचं. तेव्हापासून ओळी वहीत लिहितो. लिहिल्याने डोक्यातही राहतात.)

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: इंजिनाला एका ओळीऐवजी चार ओळी दाखवायला सांगा. ही सोय बहुतेक सगळ्या ॲपमध्ये आहे, फक्त कोणी वापरत नाही. मुलीचा वजीर एच५ वर आल्यानंतरची स्थिती लावून काळ्याच्या चार सर्वोत्तम चाली मागा. पहिली ओळ वजीर सी२, काळा जिंकतोय. बाकीच्या ओळी बघा, तिथे आकडा नाहीच, थेट मात. म्हणजे काळा एका दोरीवर लटकलेला होता. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधलं अंतर ही बलिदानाची खरी किंमत सांगणारी गोष्ट आहे. बचावाच्या चारही ओळी चांगल्या निघाल्या असत्या तर मी म्हटलं असतं की बाई, उंट फुकट वाटलास.

आमच्याकडे आंब्याची बाग मोहोरावर घेणारे असतात. झाडाला कैरीही धरलेली नसते, पण मोहोर बघून पैसे मोजायचे. पुढे तुडतुडे पडले, अवकाळी पाऊस आला की सगळं गळून जातं. म्हणून जाणता माणूस मोहोर किती आहे एवढंच बघत नाही, काय काय घडलं तर बुडू, हे मोजतो. एकाच गोष्टीने बुडणार असेल तर घेतो, चार गोष्टींनी बुडणार असेल तर भाव पाडतो.

मग पुढचा प्रश्न: ती एकमेव चाल सापडण्यासारखी आहे का? इथे इंजिन मुका आहे, तुम्हालाच ठरवायचं आहे. मोहरा मारणारी किंवा शह देणारी चाल असेल तर ती कोणालाही सापडते. राजाजवळच्या घरावर मोहरा आणणारी चालही सापडते. पण राजा जी८ वर जळतोय आणि वजीर त्याच्यापासून दूर, शत्रूच्या दुसऱ्या रांगेत जातोय, तोही काहीही न मारता, ही चाल माणसाला दिसत नाही. मी स्वतः घड्याळात पाच मिनिटं असताना ती शोधली असती का, सांगता येत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा बलिदान केलं की मालवणीत म्हणतो, 'घेतल्यान तर मेलो, नाय घेतल्यान तरी मेलो.' (समोरच्याने घेतलं तर मेला, नाही घेतलं तरी मेला.) त्याला मी नेहमी विचारतो, 'आणि घेऊन गप बसलो तर?' बहुतेक बलिदानं तिथेच बुडतात, समोरच्याच्या शांत चालीवर.

न घेण्याचा विचारही करा, पण या नमुन्यात तो लवकर संपतो. राजा एच८ वर गेला तर प्यादं फुकट मिळालं आणि उंट सुखरूप. राजाच्या बाकीच्या वाटा मात्र तपासा. घोड्याच्या शहाला राजा एच६ वर गेला तर घोडा ई६ चं प्यादं मारतो, सी१ च्या उंटाचा शह उघडतो आणि सी७ चा वजीर जातो. राजा जी६ वर चढला तर मात्र खरी लढाई सुरू होते. पुस्तकं वाचून एच७ चं बलिदान करणारी मुलं हमखास इथे अडतात, कारण तिथे वजीर एच५ वर नेणारी ठरलेली चाल चालत नाही. तो बहुधा जी४ वर जातो किंवा एच प्यादं पुढे ढकलावं लागतं. तिला विचारा, जी६ साठी काय ठरवलं होतंस? तिच्याकडे उत्तर होतं तर तिने बलिदान केलं. नव्हतं तर तिने फक्त ओळखीचा नमुना ओळखला. दोन्हींत फरक आहे.

शून्याबद्दलही एक गैरसमज काढतो. पुष्कळ पालक म्हणतात, 'इंजिन ०.०० दाखवतं, म्हणजे बलिदान वाया.' अजिबात नाही. मोहरा देऊन शेवटी सततच्या शहाने बरोबरी निघत असेल तर ते बलिदान पूर्ण खरं आहे. हरण्याची भीती नाही, आणि समोरचा चुकला तर डाव आपला. आधीची स्थिती काय होती तेही बघा. अधिक ३ वरून शून्यावर आलात तर चूक, वजा ३ वरून शून्यावर आलात तर पराक्रम. तिची स्थिती उंट देण्याआधी थोडी वरचढ होती, साधारण अधिक ०.६. शांत चालही होती. म्हणून शुद्ध हिशेबाने बलिदान चूकच आहे, हे मी लपवत नाही.

आता मोठ्यांचे डाव, कारण तिला वाटत असेल की ती एकटीच सापडली. १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात ताल बोटविनिकविरुद्ध घोडा एफ४ वर देऊन जिंकला. पुढे विश्लेषणात बोटविनिकला बचाव होता असं निघालं. ताल त्या वर्षी जगज्जेता झाला तो झालाच. १९९९ साली नेदरलँड्सच्या वाइक आन झीला कास्पारोव्हने टोपालोव्हविरुद्ध हत्तीने डी४ मारला तो डाव अमर मानतात. तिथे टोपालोव्हने हत्ती मारला नसता आणि राजा बी६ वर नेला असता तर ते सगळं आतषबाजीविना संपलं असतं. चूक हत्ती देणाऱ्याची होती की घेणाऱ्याची? तुमच्या मोबाइलसारखी लाल खूण कोणावर करायची?

उलट टोकाचं उदाहरण त्याआधीच्या वर्षीचं, स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेचं. तिथे टोपालोव्हविरुद्धच शिरोव्हने शेवटच्या टप्प्यात उंट एच३ वर देऊन टाकला, फक्त राजाला मध्ये यायला एक चाल मिळावी म्हणून. त्या काळच्या इंजिनांना ती चाल सापडत नव्हती. ती मात्र शंभर टक्के खरी होती.

आणि माझं आवडतं. ११ मे १९९७, आयबीएमचा कंप्युटर डीप ब्लू आणि कास्पारोव्ह यांचा सहावा, निर्णायक डाव. मशीनने आठव्या चालीला घोड्याने ई६ चं प्यादं मारून घोडा दिला आणि कास्पारोव्हने १९ चालींत डाव सोडला. जगभर बोलबाला झाला की कंप्युटर बलिदान करायला शिकला. पण ती चाल मशीनने शोधलीच नव्हती. माणसांनी तिच्या ओपनिंगच्या पुस्तकात, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींच्या यादीत, आधी घालून ठेवली होती. कंप्युटरचं सगळ्यात गाजलेलं बलिदान माणसाच्या निर्णयाने झालं.

तेव्हापासून गाडी बरीच पुढे गेली. २०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशच्या तेव्हाच्या आवृत्तीशी १०० डाव खेळून २८ जिंकले, एकही हरला नाही. त्यातले कित्येक डाव प्यादी-मोहरे देऊन, लगेच काही वसूल न करता जिंकलेले होते. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून स्थिती जोखणारी यंत्रणा, आली आणि 'मोहरा नाही पण जागा आहे, राजा उघडा आहे' याची किंमत इंजिनाला आधीपेक्षा खूप बरी कळू लागली. म्हणून जुन्या पुस्तकात 'कंप्युटरला हे कळत नाही' असं लिहिलेलं दिसलं तर आज त्यावर विसंबू नका. शंका असेल तेव्हा मी दुसरं मत म्हणून लीला हे इंजिन लावतो, ते अल्फाझीरोच्या वाटेने जाणारं आहे. दोघं एकमत असतील तर मी वाद सोडून देतो. दोघांत फरक पडला की समजायचं, इथे काहीतरी बघण्यासारखं आहे.

तरीही इंजिन फसतं, आणि त्याच्याबरोबर आपणही. माझीच फजिती सांगतो. एका पत्राच्या डावात मी तीन प्याद्यांसाठी घोडा दिला. आकडा माझ्या बाजूने अधिक १.४. मी खूश. पुढच्या चाली खेळत गेलो तरी आकडा अधिक १.४ च. दहा चालींनी अधिक १.४. पंधरा चालींनीही. समोरच्याने घोडा एका घरावर रोवला होता, माझी प्यादी त्याच्यापुढे अडलेली, आणि दोन्हीकडून फक्त राजे इकडून तिकडे. महिनाभर मी जिंकत होतो आणि शेवटी बरोबरी मान्य केली. तेव्हापासून नियम केला: ओळीत पुढे जाताना आकडा वाढत नसेल तर तो आकडा खरा नाही. जिंकणारी स्थिती पुढे जाताना सोपी होत जाते. जागच्या जागी थबकलेला आकडा म्हणजे समोर भिंत आहे. मोहरे सातपर्यंत उतरले की मात्र वादच नाही, तिथली प्रत्येक स्थिती टेबलबेस नावाच्या उत्तरांच्या साठ्यात सोडवून ठेवलेली आहे, राजे धरून सात. तेवढं उत्तर अंतिम.

तर मुलीचं काय करायचं. येत्या रविवारी तिला काळ्याच्या बाजूला बसवा. पटावर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वजीर एच५ वर आलेली स्थिती लावा आणि सांगा, इथे काळ्याला एक चाल वाचवते, शोध. पंधरा मिनिटं द्या, तुम्हीही शोधा, पण सी२ चं नाव काढू नका. सापडली नाही तर सी पट्टीवर बोट ठेवा, एवढंच. सापडल्यावर एकच विचारा: आता माहीत आहे, तर पुन्हा उंट देशील का?

माझ्या वर्गातली मुलं याची दोन तऱ्हेची उत्तरं देतात. काही म्हणतात, नाही, आधी वजीर बाजूला जाईपर्यंत थांबेन. काही म्हणतात, हो, त्याला नाही सापडणार. दोन्ही उत्तरं मला चालतात. फक्त 'कंप्युटर नको म्हणाला' हे उत्तर चालत नाही.

आणि एक कळवा. हा डाव स्पर्धेच्या कितव्या फेरीतला, ती तेव्हा किती गुणांवर होती, आणि उंट देताना तिच्या व त्या मुलाच्या घड्याळात किती वेळ शिल्लक होता? स्कोअरशीटवर वेळ लिहायची सवय असेल तर ते पानच फोटो काढून पाठवा. त्या मुलाकडे दोन मिनिटं असतील तर मी वर 'चूकच' लिहिलंय, ते थोडं मागे घेईन.